कोणत्या महिन्याचं पाणी? प्लॅनेट झूमधल्या एका खानदेशी पक्षी उद्यानाचं प्रकरण

हे पक्षी उद्यान भुसावळमधल्या एका घरात, बेताच्या ताकदीच्या लॅपटॉपवर, प्लॅनेट झू या प्राणिसंग्रहालय बांधायच्या संगणक-खेळात उभं राहिलं. जवळजवळ पूर्ण झाल्यावर ते मोडलं आणि पुन्हा बांधलं. मोडायचं कारण खेळात नव्हतं, मशीनमध्येही नव्हतं. घरातल्या आजोबांनी सहज एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवतो. बांधणारा मुलगा माझाच विद्यार्थी, नुकतीच बारावी झालेला. त्याची थोरली बहीण नाशिकला वास्तुरचना शिकते आणि सुट्टीत घरी होती. तिला सगळे ताई म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. तिसरे त्यांचे आजोबा, आबा. मूळचे शिरपूरकडचे, म्हणून घरात अहिराणी. नोकरी पाटबंधारे खात्यात, आणि ती बरीचशी तापीच्या काठाने गेलेली. उद्यानाचे मुख्य शिल्पकार शेवटी तेच ठरले, पण खेळाच्या माउसला त्यांनी हात लावला नाही.

प्लॅनेट झू हा फ्रंटियर डेव्हलपमेंट्सचा खेळ २०१९ च्या नोव्हेंबरात आला. त्यात सँडबॉक्स नावाचा प्रकार आहे: पैशाची चिंता नाही, हवी तशी जमीन उचला, दाबा, रंगवा, पाणी भरा, भिंती उभारा. मुलाने सँडबॉक्स घेतला आणि ठरवलं की आपल्या हतनूरवर एक पक्षी उद्यान काढायचं. हतनूर धरण भुसावळपासून जवळ, तापीवर. वरच्या अंगाला चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते. धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात बैतूल-बऱ्हाणपूरकडे जोर झाला की त्यांतले किती उघडले हे इकडच्या बातम्यांत रोज असतं. हिवाळ्यात बुडीत क्षेत्राच्या उथळ पाण्यावर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, लालसरी, पट्टकादंब उतरतात. दुर्बीण घेऊन येणारी मंडळी जळगाव, नाशिकहूनही येतात. विषय म्हणून निवड उत्तम होती.

पहिला आराखडा मी पाहिला तेव्हा खरंच थक्क झालो. मधोमध जाळीचा भव्य घुमट. आत खडकांवरून कोसळणारा धबधबा, खाली निळंशार तळं, तळ्याला दगडी कठडा, पाण्यात रोहित (फ्लेमिंगो), हिरवळीवर पिसारा फुलवलेले मोर. प्रेरणा उघड होती. सिंगापूरचं जुरोंग बर्ड पार्क १९७१ ते २०२३ चाललं आणि आता तिथले पक्षी मंडाईच्या नव्या उद्यानात गेले आहेत; त्याच्या धबधब्याच्या पक्षिगृहाचे व्हिडिओ त्याने पाहिले होते. शिवाय भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या चालत जायच्या पक्षिगृहात तो कधीतरी गेलेला. घुमटाची एकेक पट्टी त्याने हाताने फिरवून बसवली होती.

फक्त त्या जाळीला अडवायला काही नव्हतं. त्याच्याकडच्या आवृत्तीत जे पक्षी होते ते सगळे चालणारे: मोर, रोहित, शहामृग, इमू, पेंग्विन. घुमटाखाली मोकळा सोडावा असा उडणारा पक्षी एकही नाही. त्यामुळे इतकी मेहनत करून बांधलेला घुमट निव्वळ शोभेचा होता. (लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९६५ साली उभारलेलं प्रसिद्ध पक्षिगृह आहे, त्यात आता कोलोबस माकडं राहतात. तेव्हा पक्ष्यांवाचूनचं पक्षिगृह ही काही फक्त खेळातली अडचण नाही.)

मुलाच्या डोक्यात यावर उपाय होता. इतर खेळाडूंनी बनवलेले मॉड घालायचे, म्हणजे खेळात नसलेले पक्षीही आणता येतात. आम्ही त्यावरच बोलत होतो, तेव्हा आबा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ पडद्याकडे पाहिल्यावर त्यांनी विचारलं, "हाई कोनता महिनानं पानी शे?"

मुलाला प्रश्नच कळला नाही. पाणी म्हणजे पाणी. आबांनी मग प्रमाण मराठीत सांगितलं, माझ्यासाठी असावं: तापीचं पाणी सप्टेंबरात एक असतं, डिसेंबरात दुसरं, मार्चात तिसरं. पावसाळ्यात गाळाचा पूर निघून जावा म्हणून दरवाजे उघडे राहतात. पाऊस ओसरायला लागला की धरण भरून घ्यायचं. त्यानंतर कालव्याची आवर्तनं, गावांचं पिणं, दीपनगरचं वीज केंद्र, वरून ऊन, असं करत पाणी उतरत जातं. उतरतं तसा काठ उघडा पडतो. उघड्या गाळावर लोक गाळपेर करतात, हरभरा टाकतात, आणि बदकं-बगळे त्याच उघड्या पडत्या काठाच्या मागे मागे सरकतात. "तुझ्या तळ्याला कठडा आहे. पाणी उतरलं तर काय उघडं पडेल? दगड. हा तर स्विमिंग पूल झाला. तुनाकडे पाखरू कसाले यी?"

माझ्या मते प्रकरण इथेच वळलं. मुलगा पक्षी कुठून आणायचे या पेचात होता. आबांच्या लेखी पक्षी आणायचे नसतातच. ते येतात किंवा येत नाहीत, आणि ते पाण्यावर ठरतं.

काठाचा उतार

ताईने दुसऱ्या दिवशी कागद घेतला. तळ्याचा काठ सुमारे ४५ अंशांचा होता. अशा काठावर पाणी एक मीटर उतरलं तर जेमतेम एक मीटर रुंदीची पट्टी उघडी पडते. तोच उतार पन्नासास एक केला, म्हणजे पन्नास मीटर चाललं की एक मीटर खोली, तर पाणी मीटरभर उतरल्यावर पन्नास मीटर रुंद चिखल मिळतो. हतनूरचं बुडीत क्षेत्र सपाट, काळ्या मातीचं. तिथे हेच होतं. हिशेब शाळेतला आहे. पण खेळात जमीन खोदायचं साधन सुरुवातीला खोल, गोल खड्डा देतं आणि त्यात पाणी भरलं की लगेच सुंदर दिसतं, त्यामुळे कोणी उताराकडे वळत नाही.

मग खोलीचा प्रश्न आला आणि इथे पक्षी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आराखड्यात शिरले. शेकाट्या आणि तुतवारसारखे चिखलपक्षी बोटभर ते वीतभर पाण्यात चालत चालत टिपतात. थापट्या चोच पृष्ठभागावर फिरवून पाणी गाळतो. तलवार बदक शेपूट वर करून डोकं बुडवतं, मान पुरेल तेवढ्याच खोलीत त्याचं पोट भरतं. लालसरी बुडी मारणारी, तिला अधिक खोल पाणी चालतं. पट्टकादंब तर पाण्यात खातच नाही म्हटलं तरी चालेल. तो दिवसा काठावर विसावतो आणि गवतावर, शेतात चरतो. हरभऱ्याच्या शेतकऱ्याला त्याची ओळख आहे. म्हणजे एकाच उतारावर, काठापासून आत जाताना, पक्ष्यांचे पट्टे लागतात. खोली माहीत असेल तर पक्षी न दिसताही तिथे कोण असेल ते सांगता येतं.

मुलाने घुमट पाडला. हे मी सहज लिहितोय, पण तो अख्खा दिवस त्याने कोणाशी धड बोलणं केलं नाही. ताईने घुमटाची जुनी प्रत वेगळ्या नावाने ठेवून दिली, तेव्हा घरात जरा हलकं झालं.

नवी जमीन रंगवण्यात वेळ गेला. या खेळात गवत, माती, वाळू, खडक असे थर रंगवता येतात. काठाच्या चिखलाला त्यांनी ओल्या मातीचा थर दिला, वर गवताचे तुरळक पट्टे, आणि गाळपेरीच्या जागी सरळ ओळींत बुटकी झुडपं. बाभळीला पर्याय म्हणून आफ्रिकेतल्या काटेरी झाडांचा वापर करावा लागला. इथे खेळाची एक चांगली खोड आड आली: प्रत्येक झाडाला खंड आणि अधिवासाची ओळख चिकटवलेली असते आणि मोराच्या आवारात आफ्रिकेचं झाड लावलं की खेळ लगेच नापसंती दाखवतो. म्हणून सगळ्या 'बाभळी' आवारांच्या बाहेर, मोकळ्या पाणथळीकडे गेल्या. बेशरम आणि जलपर्णी ताईला हव्या होत्या, कारण त्या नसलेला आपल्याकडचा जलाशय खोटा वाटतो. त्या शेवटपर्यंत धड जमल्या नाहीत.

खेळात ऊन-पाऊस आहे, ऋतू नाहीत. पाणी आपोआप उतरत नाही. यावर काढलेला तोडगा मला अजूनही या प्रकरणातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. त्यांनी एकाच उद्यानाच्या तीन फायली केल्या. पहिली सप्टेंबरअखेरची, काठोकाठ. दुसरी डिसेंबरअखेरची. तिसरी मार्चची, पाहुणे पक्षी परतीला लागलेले असताना. जमीन, वाटा, इमारती तिन्हींत त्याच. फक्त पाणी काढून खालच्या पातळीला पुन्हा भरलेलं आणि उघडा पडलेला काठ नव्याने रंगवलेला. पाण्यात आबांच्या हट्टाने एक गेज उभी केली, काळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांची. तिन्ही फायलींत तिच्यावर पाणी कुठे आहे ते पाहिलं की महिना कळतो.

माणूस कुठे उभा राहील

पाणी ठरल्यावर वाट आली. प्राणिसंग्रहालयाच्या रचनेचा इतिहास बराचसा या एकाच प्रश्नाचा आहे. १९०७ साली हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेकने गज काढून खंदक आणले आणि बघणारा व प्राणी यांच्यातली आडकाठी नजरेआड केली. पुढे स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगरने पलायन-अंतराची कल्पना मांडली: प्रत्येक प्राण्याचं एक अंतर असतं, त्याच्या आत शत्रू आला की तो निघतो. पिंजऱ्यात हे अंतर मोडलं तर जनावर सतत ताणात राहतं. मोकळ्या पाणथळीत मोडलं तर पक्षी उडून जातो आणि प्रेक्षकाच्या हाती काही लागत नाही.

मुलाची जुनी वाट पाण्याच्या कडेने, अगदी काठाला लागून गोल फिरत होती. फोटोला छान. हतनूरला त्या वाटेने दहा माणसं गेली तर त्या काठावर दिवसभर काही बसणार नाही.

ताईने स्लिमब्रिजचं उदाहरण काढलं. पीटर स्कॉटने १९४६ साली इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीजवळ ते केंद्र सुरू केलं. तिथे एकीकडे बंदिस्त पाणपक्षी जवळून पाहता येतात आणि दुसरीकडे आडोशाच्या खोल्यांच्या फटींतून मोकळे, रानटी, स्थलांतर करून आलेले. तिचं म्हणणं, आपल्यालाही तेच करायचं आहे: दाराजवळ छोटा बंदिस्त भाग, मग लांब चालणं, मग आडोसा आणि मोकळं पाणी. आपल्या शेजारच्या नांदूरमधमेश्वरला तरी वेगळं काय आहे? इंग्रजांच्या काळातला बंधारा, त्यामागे साठलेला गाळ आणि उथळ पाणी, काठाने मनोरे. पक्ष्यांसाठी कोणी बांधलं नव्हतं, तरी २०२० साली ते महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झालं.

आडोशाची खोली, पक्षिनिरीक्षक ज्याला हाइड म्हणतात, ती खेळात तयार मिळत नाही. तुकडे जोडून बांधावी लागते. मुलाने पहिली पत्र्याची केली. आबा म्हणाले, मे महिन्यात यात माणूस भाजून निघेल. भुसावळात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, हे इथल्यांना सांगायला नको. मग खानदेशी धाब्याचं घर आलं: जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्यांवर मातीचं सपाट छत, आणि पाण्याच्या अंगाला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, कूड. खेळात पऱ्हाट्या कुठून येणार. पातळ फांद्यांचे तुकडे तिरके-उभे लावून कूड केला. बघायच्या फटी दोन उंचींवर ठेवल्या, एक उभ्या माणसाला, एक पोरांना.

दिशेवरही वाद झाला. आडोसा पश्चिम काठावर होता, तोंड पूर्वेला. म्हणजे सकाळी, पक्षी सगळ्यात चळवळे असताना, ऊन बघणाऱ्याच्या डोळ्यांत आणि पक्षी नुसते काळे आकार. खेळात दिवस-रात्रीचं चक्र चालू करून त्यांनी हे तपासलं आणि तसंच निघालं. आडोसा पूर्व काठावर हलवला. संध्याकाळसाठी पश्चिमेला दुसरा, लहान. तिथपर्यंतची वाट बांधाच्या मागून नेली, बघणाऱ्यांची डोकी आकाशावर उठून दिसू नयेत म्हणून. हा बारकावा आबांचा. बांधावरून चालणारा माणूस पाण्यावरच्या बगळ्यांना किती लांबून दिसतो, हे त्यांनी नोकरीभर पाहिलं होतं.

खेळाची नाराजी

आता गंमत अशी की हे सगळं जितकं पक्ष्यांच्या सोयीचं झालं तितका खेळ नाराज झाला. प्लॅनेट झूमधल्या पाहुण्यांच्या डोक्यात काय चाललंय ते वाचता येतं. ते लांब चालून आडोशात येत, फटीतून बघत, आणि प्राणी दिसत नाही म्हणून कुरकुरत परत जात. दानपेट्या रिकाम्या. सँडबॉक्समध्ये पैशाने काही अडत नाही, पण मुलाला ते लाल आकडे बघवत नव्हते. खेळाचं सगळं गणित 'पाहुण्याला प्राणी दिसला की पाहुणा खूश' यावर उभं आहे. त्याच खेळात प्राण्यांच्या ताणाचाही हिशेब आहे, एकतर्फी काचा आहेत, शांत राहा अशा पाट्या आहेत, तेव्हा बनवणाऱ्यांना हा तिढा माहीत आहे हे मान्य करायला हवं. मात्र मोकळं, रिकामं पाणी बघायला येणारा पाहुणा त्यांच्या हिशेबात नाही.

इथे मी मध्ये बोललो. पाणथळीत शोभेसाठी रोहित सोडून द्यावेत, म्हणजे आकडेही सुधारतील, असं मुलगा म्हणत होता. माझं मत होतं की या उद्यानाचे खरे पाहुणे खेळातली बाहुली नाहीतच. ही फाइल स्टीम वर्कशॉपवर, म्हणजे खेळाडू आपलं काम इतरांना देतात त्या संकेतस्थळावर, जाणार, ती उतरवून घेणारा माणूस वाटेने कॅमेरा फिरवत बघणार. त्याला रिकाम्या पाण्यातला पक्षी वाचता आला पाहिजे. यातून आडोशातल्या फळ्या निघाल्या. खेळात अक्षरांचे ठोकळे आहेत पण ते रोमन. देवनागरी हवी तर चित्र बनवून फलकावर चढवावं लागतं. ताईने काठाचा आडवा छेद काढला, त्यावर खोलीचे पट्टे, प्रत्येक पट्ट्यात त्या खोलीचा पक्षी. तिन्ही फायलींत छेद तोच, पाण्याची रेघ वेगळी. डिसेंबरच्या फळीवर पाणी मधोमध आणि सर्व पट्टे भरलेले. मार्चच्या फळीवर बुडी मारणाऱ्यांचा पट्टा अरुंद आणि चिखलपक्ष्यांचा ऐसपैस. सप्टेंबरची फळी जवळजवळ रिकामी, कारण काठोकाठ पाण्यात चालणाऱ्यांना उभं राहायला जागाच नसते, आणि उत्तरेचे पाहुणे तर अजून यायचे असतात.

बंदिस्त भागाबद्दल थोडक्यात. दाराजवळच्या तळ्यात रोहित राहिले, पण पाटीवर लिहिलं की यांना मोकळं पाहायचं तर उजनी किंवा जायकवाडीला जा. घडियाल मुलाला फार आवडायचा आणि खेळात तो मुळातच आहे. आबांनी तापीत घडियाल कधी पाहिला नाही, ताईने सांगितलं की त्याचं घर चंबळ, घडियाल गेला. सातपुड्याचं म्हणून तरस आणि अस्वल घ्यायचा मोह सगळ्यांनाच झाला. मग ते पक्षी उद्यान राहिलं नसतं. मोरांचं आवार मात्र मजेशीर निघालं. पाहुण्यांना आत फिरू देणारं मोकळं आवार केलं, दोन-तीन जोड्या सोडल्या, आणि काम पाणथळीवर चालू असताना खेळाचा वेळ पळतच होता. परत बघितलं तर आवारात मोरच मोर, जागा कमी पडल्याच्या सूचना, आपसांतल्या नात्यातली पिल्लं. प्लॅनेट झू खेळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. गर्भनिरोधकाची सोय खेळात आहे, ती उशिरा वापरली. आबांना यात नवल वाटलं नाही. शेतात मोर माजले की काय होतं हे त्यांनी शिरपूरला पाहिलेलं.

रानपिंगळ्याची जागा

सगळ्यात जास्त वाद एका पक्ष्यावर झाला आणि तो पाणपक्षी नव्हता.

खानदेशात पक्ष्यांवर काही करायचं आणि रानपिंगळा टाळायचा, हे होण्यासारखं नाही. १८७३ साली ह्यूम या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाने या घुबडाचं वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा एकही नमुना नाही. रिचर्ड माइनर्टझहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळवल्याचा दावा केला होता. तो नमुना प्रत्यक्षात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात गोळा केलेला, चोरून नवी चिठ्ठी लावलेला होता, हे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी उघड केलं. खोट्या नोंदी बाजूला पडल्यावर शोध खऱ्या जुन्या जागांकडे वळला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात तो जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. नंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट अशा ठिकाणीही सापडला. घुबड असून तो दिवसा हिंडतो, सागाच्या विरळ जंगलात उघड्या फांदीवर बसतो, सरडे-पाली खातो.

मुलाला तो उद्यानाचा नायक म्हणून हवा होता. मॉड मिळाला नाही तरी खेळातल्या तुकड्यांतून एक पुतळा करायचा, त्याला काचेच्या दालनात मधोमध ठेवायचं, दिवे सोडायचे. ताई विरोधात. तिचा मुद्दा साधा होता: खऱ्या जगात या पक्ष्याला पिंजऱ्यात ठेवायला परवानगी मिळणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वांत वरचं संरक्षण आहे. प्राणिसंग्रहालय काढायचंच झालं तर १९९२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते, आणि ते मनात येईल तो प्राणी ठेवू देत नाहीत. मुलाचं उत्तर असं की खेळात कसला कायदा. खेळात लोक हिमबिबट्या वाळवंटात ठेवतात.

मुलाचं म्हणणं चूक नाही. आभासी उद्यानाला कायदा लागत नाही आणि लागूही नये. नाहीतर खेळायचं कशाला? पण हतनूरचा काठ महिन्यागणिक खरा करायचा आणि रानपिंगळा मात्र काचेत दिवे लावून ठेवायचा, हे एकाच उद्यानात शोभत नव्हतं. हे मी त्याला सांगितलं. आबा या चर्चेत नव्हते, त्यांना घुबडात रस नव्हता.

मध्यममार्ग मुलानेच काढला. उद्यानाच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या बाजूला, त्याने सागाचा एक विरळ पट्टा लावला. अधेमधे वठलेली झाडं, खाली पाचोळा, ढोली. वाट तिथे संपते आणि एक लाकडी बाक आहे. पक्षी नाही, पुतळाही नाही. फळीवर १८७३, १८८४, १९१४, १९९७ ही चारच सालं आणि प्रत्येकाखाली एक ओळ. १९१४ वर काट मारलेली. त्या टोकाला खेळातला कोणीही पाहुणा थांबत नाही. बाकावर बसतात, थकवा घालवतात, उठून जातात. माझ्या दृष्टीने हा सबंध उद्यानातला सर्वांत चांगला कोपरा आहे, पण मुलगा अजून म्हणतो की तिथे काहीतरी कमी आहे.

सध्याची स्थिती

तिन्ही फायली वर्कशॉपवर चढवण्याआधी लॅपटॉपने मान टाकली. पऱ्हाट्यांच्या कुडात आणि काठाच्या गवतात मिळून इतके तुकडे झाले होते की कॅमेरा फिरवला की चित्र अडखळायचं. दोन्ही आडोशांच्या मागच्या, कोणाला न दिसणाऱ्या भिंती साध्या केल्या. गवत पाण्याच्या जवळ दाट आणि लांब विरळ केलं. डिसेंबरची फाइल आता बऱ्यापैकी चालते. मार्चची सगळ्यात जड आहे, कारण उघडा काठ जास्त आणि त्यावरचं बारीक काम जास्त.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मार्चच्या फायलीत गाळपेरीचे पट्टे थेट आडोशाच्या समोर येतात. मुलाला तिथे कुंपण हवं आहे, कारण पाहुण्यांना आत जाऊ द्यायचं नाही. ताई म्हणते, कुंपणाच्या तारांत उतरणारे पक्षी अडकतात, आणि हतनूरला गाळपेरीभोवती असं कुंपण असतंच कुठे. आबांना तिसरीच काळजी: पुढच्या पावसात पाणी चढलं की ते कुंपण पाण्याखाली जाईल, आणि सप्टेंबरच्या फायलीत ते दाखवायचं की नाही? दाखवलं तर तळाशी बुडालेलं कुंपण, नाही दाखवलं तर दरवर्षी उपटून पुन्हा रोवायचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा, असं ते विचारतात. मुलाने तूर्त बांबूचे सुटे डांब लावून ठेवले आहेत, तारेशिवाय.